सेंबु म्हणजे तांब्या नव्हे

दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलींसमोर मी फळ्यावर कोबाल्टचा एक अणू काढते, त्याच्याभोवती इथिलीनडायअमीनचे तीन रेणू बसवते आणि विचारते, कोऑर्डिनेशन नंबर किती? दर वर्षी पहिल्या बाकावरून ठणठणीत उत्तर येतं, "तीन, मॅम." आणि दर वर्षी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तीन म्हणे! रेणू तीन आहेत, पण प्रत्येकाला दोन टोकं आहेत आणि दोन्ही टोकांनी त्याने धातूला धरलंय. म्हणजे सहा. मग मी खडू टेबलावर टाकते आणि तमिळमध्ये ते वाक्य म्हणते, जे आता कॉलेजात माझ्या नावावर खपतं: आलेली माणसं मोजू नका, धरणारे हात मोजा. मुली हसतात आणि वहीत उतरवून घेतात. त्यांना वाटतं मॅम रसायनशास्त्र शिकवतायत.

शिकवते मी रसायनशास्त्रच, तंजावूरच्या एका खाजगी महिला कॉलेजात. सहा हात असले की आकार अष्टफलकाचा, चार दिशांना चार, एक वर, एक खाली. चार हात असले की दोन शक्यता, एक तर चतुष्फलक, नाही तर सपाट चौकोन. निकेल, कोबाल्ट, प्लॅटिनम, सगळ्यांच्या तऱ्हा मी रंगवून सांगते. तांबं आलं की मात्र घाईत उरकते. तांबं लबाड असतं. सहा जणांना बोलावतं, चौघांना जवळ घेतं आणि वरच्या-खालच्या दोघांना जरा लांबच उभं करतं. सहा म्हणावे तर सहा नाहीत, चार म्हणावे तर चार नाहीत. मुली विचारतात, मॅम, परीक्षेत काय लिहायचं? मी म्हणते, पुस्तकात आहे ते लिहा. एवढं बोलून मी फळा पुसते.

तांब्याशी माझं वाकडं का, ते कॉलेजात कुणाला माहीत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगात तांबं साठतं. आपण खातो त्या प्रत्येक घासात थोडं तांबं असतं, आणि जास्तीचं काढून टाकायचं काम यकृत गुपचूप करत असतं. तिचं यकृत ते करत नाही. मग ते यकृतात साठतं, तिथून मेंदूत जातं, डोळ्यात जातं. या आजाराला औषध आहे. वेळेवर घेतलं आणि कधी सोडलं नाही, तर माणूस नोकरी करतो, गातो, भांडतो. माझी बहीण आज बोलू शकत नाही. म्हणजे बोलते, पण ऐकणाऱ्याने कान तिच्या तोंडाशी नेला आणि दोनदा-तीनदा विचारलं तरच ते शब्द होतात. इतका वेळ कुणाला असतो?

ती माझ्याहून बरीच लहान. वडील गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. तिच्या हातांबद्दल मला आधी सांगितलं पाहिजे, कारण आता ते हात पाहून कुणाचा विश्वास बसणार नाही. पुण्याला जाण्याआधी मी इथल्याच एका कॉलेजात हंगामी शिकवत होते, आणि त्या कॉलेजाकडे रेणूंची मॉडेलं नव्हती. तेव्हा शाळेतली ही पोर मला मॉडेलं करून द्यायची. मधे लिंबू, तो धातू. केरसुणीतली ईर्कु, म्हणजे नारळाच्या झावळीची काडी, तो बंध. टोकाला सुंडक्काय, ती वाटाण्याएवढी कडू फळं आम्ही वाळवून वत्तलकुळंबू या चिंचेच्या आमटीत घालतो, ते लिगँड, म्हणजे धातूला धरणारे. अष्टफलक तर तिच्या हातचा मळ होता. चतुष्फलक कठीण, त्यातला कोन नजरेने साधत नाही, मलाही साधायचा नाही. ती लिंबू हातात फिरवायची, एक डोळा मिटायची आणि काडी टोचायची. मी नंतर कोनमापक लावून पाहायचे आणि चूक सापडली नाही की मला रागच यायचा. पहाटे दारात कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायलाही तीच. ठिपके एका रेषेत, रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. शेजारच्या बायका आपल्या मुलींना दाखवायला आणायच्या.

मग मी डॉक्टरेटसाठी पुण्याला गेले. तिथे पहिलं काय झालं असेल तर माझं मराठी हास्यास्पद ठरलं. आमच्या घरात पिढ्यानुपिढ्या मराठी बोलतात, पण वाचत कुणीच नाही. देवनागरी मी पुण्यात दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. "मज नको" म्हटलं की प्रयोगशाळेतली मुलं एकमेकांकडे बघायची. एकीने तर मला सर्वांसमोर बोलून दाखवायला लावलं होतं, कौतुकाने, जत्रेतल्या पोपटाला लावतात तसं. तेव्हा हे मी आता लिहितेय ते मराठी माझ्या घरचं नव्हे. ते मी मुकाट्याने कमावलेलं आहे. माझं संशोधनही योगायोगाने तांब्याच्याच कॉम्प्लेक्सवर होतं. निळे, मोरपंखी, कधी काळसर हिरवे स्फटिक. मी त्यांचे आकार मोजत होते, चार जवळचे बंध किती लांब, दोन लांबचे किती लांब. आणि त्याच काळात इकडे घरी तांबं आपलं काम करत होतं.

दर रविवारी आईचा फोन यायचा. मोबाइल ती कानाला न लावता समोर धरून ओरडायची. त्यातला बराच भाग बहिणीबद्दल तक्रारीचा. "हात आवरून करत नाही गे काही. कोलमाचं पीठ सगळीकडे. विचारलं तर तोंडातल्या तोंडात बोलतीय. आळस, दुसरं काय!" मग एकदा, "पाणी प्यायला तांब्या घेतला की अर्धं पाणी छातीवर. आता तर तोंड लावून पितीय. सगळा तांब्या उष्टा. मी किती म्हणून धुऊ?"

हे कळायला आमच्याकडची पाणी पिण्याची रीत माहीत हवी. तांब्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि ओठ न लावता धार सरळ घशात सोडायची. लहानपणी ठसका लागून लागून हे शिकतात. ओठ लागला की तांब्या उष्टा, आणि आमच्या आईच्या स्वयंपाकघरात उष्ट्याला जागा नाही. आम्ही घरात तांब्या म्हणतो तो स्टीलचाच होता. पाणी मात्र तांब्याच्या हंड्यातलं. तो हंडा आईला लग्नात मिळालेला, रोज चिंचेने घासून लाल केलेला. रात्री भरून ठेवायचा आणि सकाळी तेच पाणी सगळ्यांनी प्यायचं.

हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, तेव्हा मामांनी आणि आईने तिला इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि वडील गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द. डॉक्टरांनी बॅटरीने तिचे डोळे पाहिले. बुबुळाच्या कडेला तपकिरी-सोनेरी कडं होतं. ते तांबं होतं. त्याआधी नात्यातल्या बायका म्हणून गेल्या होत्या की पोरीचे डोळे काय घारे पडलेत, स्थळ पटकन जमेल. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही कॅप्सूल रोज उपाशीपोटी घ्यायची, जन्मभर, आणि सुरुवातीला त्रास वाढला तर मला येऊन भेटायचं, औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. दुसरी तमिळमध्ये, ठासून, "तण्णीक्कु सेंबु वेण्डाम." पाण्याला सेंबु नको.

आता तमिळमध्ये सेंबु म्हणजे तांबं, धातू. आणि सेंबु म्हणजेच पाण्याचा लोटा, कारण तो एके काळी तांब्याचाच असायचा. गंमत म्हणजे मराठीतही तसंच झालंय, तांबं आणि तांब्या. पण आमच्या आईने जन्मभर बाजारात, शेजारी, मोलकरणीशी बोलताना सेंबु म्हटला तो लोट्यालाच. धातूला ती तामिरम म्हणते, कारण तो शब्द आपल्या कानाला जवळचा लागतो. तमिळ घरातली बाई कदाचित थबकली असती, विचारलं असतं, सेंबु म्हणजे कुठला हो डॉक्टर? मराठी मुलखातल्या बाईला शब्दच कळला नसता, मग तिने नक्की विचारलं असतं. आम्ही अधलेमधले. आम्हाला दोन्ही भाषा येतात, म्हणून आम्ही विचारत नाही.

रविवारी आईने सांगितलं, "नसांचं औषध दिलेत. आणि तांब्या नको म्हणून सांगितले डॉक्टर. ग्लासात द्यायचं." आजाराचं नाव सांगितलं नाही. मला वाटलं, तांब्या हातातून पडतो म्हणून सांगितलं असेल. पुण्यात बसून दुसरं कुणाला काय वाटलं असतं?

डॉक्टरांनी बजावलं होतं तेच झालं. हे औषध साठलेलं तांबं हलवतं, आणि ते हलताना काही जणांना आधी जास्त त्रास होतो. बहिणीची मान वाकडी व्हायला लागली, बोलणं आणखी गढूळ झालं. डॉक्टरांकडे जायला हवं होतं. मामांनी घरात बसून निकाल दिला, "इंग्रजी औषध अंगावर आलंय. बंद करा." आणि त्याच सुमारास त्यांच्या मोबाइलवर कुठून तरी एक मजकूर आला की तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पहाटे उपाशीपोटी प्यायलं की नसा बळकट होतात. मामांनी तो आईला वाचून दाखवला. हंडा घरात होताच.

म्हणजे काय झालं ते नीट बघा. डॉक्टरांच्या दोन सूचनांपैकी जी खरी होती ती यांनी सोडून दिली. जी चुकीची ऐकली होती ती मात्र निष्ठेने पाळली. बहिणीला तांब्या बंद. रोज पहाटे काचेच्या ग्लासात, हंड्यातलं रात्रभर मुरलेलं पाणी, समोर उभं राहून, शेवटच्या थेंबापर्यंत.

मी पोंगलला घरी आले तेव्हा दारात कोलम नव्हतं, प्लॅस्टिकचं चिकटवायचं कोलम होतं. आत ती पलंगावर बसली होती, मान एका खांद्याकडे, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. मला बघून हसली आणि ते हसू चेहऱ्यावर अडकून बसलं, लवकर उतरेना. मी तिचं तोंड खिडकीकडे केलं. डोळ्यांत ते कडं. पुस्तकात मी त्याचं चित्र पाहिलं होतं, धातू आणि शरीर या प्रकरणात, परीक्षेला दोन गुणांना येतं म्हणून पाठ केलेलं.

"हिला काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे?" मी ओरडले.

"ओरडू नको," मामा म्हणाले, "नसांचं आहे. पाणी चालू केलंय, उतार पडेल."

तेवढ्यात बहीण काही तरी बोलली. मला कळलं नाही. मी कान तिच्या तोंडाशी नेला. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, शब्द तोडत, घाम येईपर्यंत. "अक्का. डॉक्टर. तांबं. तांबं म्हणून सांगितले. तांब्या नव्हे. मी सांगितले यांस. कुणी ऐकिले नाही."

तिला कळलं होतं. दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या पोरीला शब्दाचा अर्थ बरोबर कळला होता. घरी येऊन तिने सांगितलाही होता. पण तिचं बोलणं ऐकायला वेळ लागायचा, म्हणून ऐकलं गेलं नाही. "सुम्मा बैस" म्हणून तिला गप्प केलं होतं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला होता.

त्याच दुपारी मी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर भडकले. कॅप्सूल मधेच बंद करणं हे सर्वांत वाईट, असं त्यांनी आईच्या तोंडावर सांगितलं. आई तमिळमध्ये म्हणाली, "सेंबु बंद केला होता आम्ही, तुम्ही सांगितल्यासारखं." डॉक्टरांना वाटलं ती तांबं या धातूबद्दल बोलतेय. ते म्हणाले, "ते तरी बरं केलंत." मला मधे पडून त्या एका शब्दाची फोड करावी लागली. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, मी सेंबु म्हणालो. तमिळमध्ये आणखी काय म्हणणार?" त्यांचंही खरंच होतं.

मग त्यांनी विचारलं, आई-वडील नात्यातले का? आईने मान वर करून सांगितलं, "सख्खे आते-मामे." हे आमच्याकडे अभिमानाने सांगायचं असतं. इथे मराठी घरं मोजकी, बाहेर द्यायचं नाही, बाहेरचं घ्यायचं नाही, मग त्याच चार घरांत फिरत राहायचं. डॉक्टरांनी समजावलं की दोघांकडून एकाच जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली की हा आजार होतो. माझीही तपासणी झाली, मला आजार नाही. मी लग्न केलं नाही त्याचं कारण हे नव्हे, पण मामा चार लोकांत तसं सांगतात. त्यांच्या सोयीचं पडतं.

घरी आल्यावर भांडण झालं. मामा म्हणाले, "सेंबु म्हणजे तांब्याच की. मी पन्नास ठिकाणी नोकरी केली, मज तमिळ शिकवतेस?" मी हंड्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "आपल्या घरचं पाणी पिऊन आजवर कोण मेलंय?" मी हंडा उचलला, पाणी मोरीत ओतलं आणि तो रिकामा हंडा माळ्यावर नेऊन टाकला. आई रडली. तिच्या लग्नातला हंडा होता म्हणून रडली. पोरीसाठी रडली असं मी म्हणणार नाही, कारण मी तिथे होते.

रसायनशास्त्र शिकले असल्यामुळे दोषही मला मोजून द्यावा लागतो. हंड्यातून पाण्यात उतरणारं तांबं फार नसतं. एकट्या हंड्याने तिची वाचा नेली नाही. घात झाला तो औषध बंद केल्याने. हे मला माहीत आहे आणि मी ते कुणालाही सांगते. पण औषध का बंद झालं, तर घरात शेवटचा शब्द मामांचा होता आणि पहिला शब्द, जो बरोबर होता, तो तिचा होता. त्या काळात घर माणसांनी भरलेलं असायचं. मामा, मामी, चुलते, स्थळं आणणाऱ्या बायका. कुणी केळी आणायचं, कुणी अंगारा. सगळ्यांना मोजलं तर अष्टफलक दोनदा भरला असता. धरणारे हात मोजायला गेलं तर केंद्रात ती एकटीच होती.

मी पुण्याला फक्त प्रबंध देण्यापुरती परत गेले. तिथे पुढची जागा मिळत होती, ती घेतली नाही. त्याला त्याग वगैरे म्हणून मी कुणाला ऐकवत नाही, पण त्याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं, आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही. इथल्या कॉलेजात संशोधन नाही, उपकरणं नाहीत. मुलींचे पेपर तपासते, सकाळी बहिणीला कॅप्सूल देते, मग टाउन बस पकडते.

कॅप्सूलने काम केलं, पण अर्धंच. डोळ्यातलं कडं फिकं झालं. मान सरळ झाली. हातांचा कंप उतरला, पूर्ण नाही, पण घास तोंडात जातो. बोलणं परत आलं नाही. सुरुवातीला सगळे म्हणायचे, हळूहळू येईल. मग म्हणेनासे झाले. मामा येतात तेव्हा तिच्याशी मोठ्याने बोलतात, ती बहिरी असल्यासारखं, आणि उत्तर यायच्या आत माझ्याकडे वळतात.

आता परवाची गोष्ट. रविवारी दुपारी मी वर्गासाठी मॉडेलं करत बसले होते. कॉलेजाचा प्लॅस्टिकचा संच अर्धा हरवलाय, म्हणून पुन्हा लिंबं, ईर्कु, सुंडक्काय. बहीण समोर येऊन बसली. एक लिंबू उचललं. काडी टोचली, ती तिरकी गेली. काढून पुन्हा टोचली, पुन्हा तिरकी. मी बघितलं नाही असं दाखवलं. मग तिने लिंबू माझ्यासमोर धरलं आणि काही विचारलं. मी कान जवळ नेला.

"हे मी?"

"हो," मी म्हटलं, "हे तुझ्यातलं तांबं." मग मी एका काडीच्या दोन टोकांना दोन सुंडक्काय अडकवून, काडी वाकवून दोन्ही टोकं त्या लिंबाला लावली आणि दाखवलं. ही तुझी कॅप्सूल. हिला एका टोकाला गंधक आहे, एका टोकाला नायट्रोजन. दोन्हींनी तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर घेऊन जाते. नेमका आकार कसा बनतो ते कागदावर काढतात तितकं सोपं नाही, पण धरते हे नक्की. तिने ते लिंबू बराच वेळ फिरवून पाहिलं, एक डोळा मिटून, पूर्वीसारखं.

मग तिने विचारलं. हा प्रश्न मला पहिल्याच खेपेला कळला, कदाचित मी कित्येक दिवस त्याची वाट पाहत होते म्हणून. "सगळं तांबं गेलं, की बोलेन?"

खोटं बोलणारी माणसं तिच्याभोवती पुष्कळ झाली आहेत. मी म्हटलं, "नाही गे."

ती रडली नाही. लिंबू खाली ठेवलं. स्वयंपाकघराच्या फळीकडे बोट केलं. तिथे तो स्टीलचा तांब्या होता, पूर्वीचाच. डॉक्टरांकडे सगळं स्पष्ट झाल्यावरही आई तिला त्यात पाणी देत नाही. काचेचे ग्लास फुटू लागले तशी प्लॅस्टिकची बाटली आली, नळी लावलेली. मला वाटायचं, म्हातारीच्या डोक्यात तो जुना शब्द रुतून बसलाय, जाऊ दे. स्टीलने काही बिघडत नाही, बाटलीनेही बिघडत नाही.

"त्यात दे," बहीण म्हणाली.

मी तांब्या भरून आणला. तिने दोन्ही हातांनी घेतला. हात थरथरत होते, म्हणून मी खालून धरला. आई दारातून आत येत होती. तिने पाहिलं आणि ओरडली, "अय्यो, तो नको! तिला तो देऊ नको!"

"स्टीलचा आहे आई," मी म्हटलं. "किती वर्षं सांगतेय. डॉक्टरांनी तांब्या नको म्हटलं नव्हतं, तांबं नको म्हटलं होतं."

"ते मज कळलंय. मी काय खुळी आहे? तोंड लावील ती. उष्टा करील."

एका शब्दाचे दोन अर्थ होते, त्यातला एक आईने उचलला. तो चुकून उचलला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. लोकांना मी ही गोष्ट भाषेची गंमत म्हणूनही सांगितली आहे. पण तांब्या बहिणीपासून लांब करायचाच होता, रविवारच्या फोनवर आई तेच तर सांगत होती, छातीवर सांडते, तोंड लावते, सगळं उष्टं. डॉक्टरांच्या तोंडून तिला हवं तेच ऐकू आलं, आणि मग दुसरा अर्थ सांगणाऱ्या पोरीचं ऐकायचं कारणच उरलं नाही.

बहिणीने सगळं ऐकलं होतं. तिने तांब्या ओठांना लावला, घट्ट, आणि प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, तिथून पदरावर उतरलं. थांबली नाही. संपल्यावर तिने तांब्या खाली ठेवला, आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "उष्टं." तो शब्द आम्हा दोघींनाही पहिल्याच खेपेला कळला.

आईने तांब्या घासला नाही. तो तिने खिडकीत ठेवला, बाकीच्या भांड्यांपासून वेगळा. तो आता बहिणीचा. आई त्याला हात लावत नाही.